पटांगणात मांडा मर्झबानाची सरहद्द

आधी पाणी शिंपडा. कोरड्या धुळीत फक्कीची रेघ टिकत नाही. 10 बाय 6 फुटांचा, प्राचीन इराणच्या ससानी साम्राज्याचा नकाशा आखा. पश्चिमेला टायग्रिसकाठी राजधानी टेसिफोन. वायव्येला आर्मेनिया, ईशान्येला मर्व शहर; तिथं पऱ्हाट्या रोवा आणि एकेक मर्झबान, म्हणजे सरहद्दीचा सुभेदार, उभा करा. त्याच्याकडे सरहद्दीचा कारभार अन् फौज दोन्ही, म्हणून एका हाती वही, दुसऱ्या हाती काठी. आर्मेनियात 428 साली राजपद गेलं आणि मर्झबान आला, हे पोरांना सांगाच. नाहीतर तिथं राजाही उभा राहतो!

मर्झबानाचा हमखास घोळ होतो क्षत्रपाशी, म्हणजे प्रांताच्या सुभेदाराशी. ते पद त्याआधीच्या हखामनी या इराणी घराण्याच्या काळातलं, आतल्या प्रांतांवरही असायचं. टेसिफोनजवळ कोणी मर्झबान बसला असेल तर उचलून कडेला न्या.