ब्रिटिश काळातल्या जकातीचे आकडे वाचायचे कसे

1896 साली विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात, एवढं वाचलं की वाटतं चला, थोडा का होईना मुंबईच्या गिरण्यांना आडोसा होता. नव्हता! म्हणून आधी ही सवय लावून घ्या, आयात जकातीचा आकडा सापडला की शेजारी त्याच वर्षी देशी गिरणीच्या कापडावर किती कर होता ते लिहायचं आणि सरळ वजाबाकी करायची. 1896 ला गिरणीच्या कापडावरही साडेतीनच, म्हणजे बाकी शून्य. 1917 ला आयात जकात साडेसात झाली पण देशी कर साडेतीनच राहिला, बाकी चार. 1921 ला 11 वजा साडेतीन, साडेसात. हा देशी कर डिसेंबर 1925 मध्ये थांबवला, तोही मुंबईच्या गिरणी कामगारांचा पगारकपातीविरुद्धचा मोठा संप झाल्यावर.

दुसरं म्हणजे सुताचा नंबर बघा, इथेच बरेच जण फसतात. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो नंबर, म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. 1879 ला व्हाइसरॉय लिटनने आपल्या कौन्सिलमधल्या बहुमताचा विरोध डावलून 30 नंबरपर्यंतच्या सुताचं जाडं विलायती कापड जकातीतून मोकळं केलं, आणि आपल्या गिरण्या नेमकं जाडंभरडंच काढायच्या, म्हणजे बरोबर वर्मावर बोट. 1894 चा देशी कर 20 नंबरच्या वरच्या सुतावर होता, 1896 ला सूत सोडून सगळ्याच गिरणीच्या कापडावर लावला, मग गरिबाचं जाडं धोतरही त्यात आलं. टिळक तेव्हा विलायती कापडावर बहिष्कार घाला म्हणाले ते काही उगाच नाही, मला तर आजही हे वाचताना राग येतो.

तिसरं, टक्केवारी कशावर? बऱ्याचदा ती बाजारभावावर नसून सरकारने ठरवलेल्या किमतीवर असायची. समजा सरकारी किंमत 100 रुपये आणि बाजारात माल 80 ला, तर 5 टक्क्यांचे 5 रुपये म्हणजे खरी जकात सव्वासहा टक्के पडते. मँचेस्टरचे व्यापारी 1874 ला हीच तक्रार करत होते, त्यामुळे ती तक्रार वाचताना हे गणित हाताशी ठेवा.

तारखा पण नीट लावा, 1859 ला जकात 10 टक्के केली ती 1857 नंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला, गिरण्यांच्या कळवळ्याने नाही, आणि 1882 ला मीठ, दारू असे मोजके जिन्नस सोडून जवळपास सगळी आयात जकात काढूनच टाकली.

आणि हो, हातमागाचा विचार करत असाल तर ही वजाबाकी करू नका, तो कर फक्त गिरणीच्या मालावर होता.