ॲडव्हेंचर गेमची पार्श्वभूमी: आधी क्षितिजरेषा, मग तपशील

ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२० × २०० पिक्सेलची खोली (म्हणजे गेमचं एक दृश्य) हवी असेल, तर चित्र चौपट आकारात, म्हणजे १२८० × ८०० वर काढा. चार पिक्सेलपेक्षा बारीक रेघ लहान करताना पुसट होते; खिडकीचे गज, दोऱ्या वगैरे शेवटी मूळ आकारात एका पिक्सेलच्या पेन्सिलनं काढा.

सर्वात जास्त चुका क्षितिजरेषेत होतात. ती पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. रेषा वरून १०० व्या पिक्सेलवर असेल, तर १८० वर पाय टेकलेलं पात्र १०० टक्के धरा. १४० वर ते बरोबर ५० टक्के व्हायला हवं. चालण्याच्या जागेचं स्केलिंग (पात्र किती टक्के लहान-मोठं दिसावं ते) याच हिशेबानं भरा, नाहीतर पात्र दाराशी राक्षसासारखं दिसतं.

टेबलामागून पात्र जाणार असेल, तर टेबलाचा वॉक-बिहाइंड मुखवटा (पात्राला झाकणारा चित्राचा भाग) रंगवा आणि त्याची बेसलाइन, म्हणजे पात्राचे पाय जिच्या वर असले की ते मागे दिसतं ती रेषा, टेबलाच्या पुढच्या पायांच्या तळाशी ठेवा. ती वर सरकली की मागचं पात्र टेबलावर चढल्यासारखं दिसतं.

रंग भरण्याआधी चित्र करड्या छटांत तपासा. उचलायची किल्ली भिंतीच्याच छटेत असेल तर खेळाडूला ती सापडणार नाही. बारकावे दाराशी आणि वस्तूंपाशी दाटू द्या. चालायची फरशी मात्र शांत ठेवा.