दुखणं अंगावर काढू नका: माजी महिला सैनिकांनी टाळायच्या चुका

सैन्यात दुखणं सोसायची सवय लागते. अंगावर चिलखत, पाठीवर ओझं, आणि तक्रार करायची नाही. अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या अनेक बायका वर्दी उतरल्यावरही तशाच वागतात. हृदय आणि स्तन या दोन्ही बाबतींत ही सवय घात करते.

छातीत कळ आली नाही म्हणजे हृदय ठीक, असं धरून चालणं

ही चूक सर्वांत महागात पडते. अमेरिकेत बायकांच्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा क्रमांक पहिला आहे. साधारण पाचातला एक मृत्यू त्याने होतो. बायकांनाही झटक्यात छातीत दुखतंच, पण कित्येकदा सोबतीची लक्षणंच जास्त जाणवतात: जबडा, मान किंवा पाठ दुखणं, मळमळ, दम लागणं, दरदरून घाम, कारण नसताना आलेला प्रचंड थकवा. सेवेत पाठीला किंवा खांद्याला मार बसलेला असला की मन लगेच म्हणतं, जुनंच दुखणं आहे. जुनं दुखणं हालचालीनुसार कमीजास्त होतं आणि त्याची चाल तुमच्या ओळखीची असते. वेदना नवी असेल, स्वस्थ बसूनही थांबत नसेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर 911 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

डॉक्टरांना अर्धीच हकिकत सांगणं

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे विचारलं जातं. गरोदरपणातला प्री-एक्लॅम्प्सिया (म्हणजे रक्तदाब धोकादायकरीत्या वाढणं) किंवा मधुमेह, लवकर आलेली रजोनिवृत्ती, नैराश्य, पीटीएसडी (म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) यांनीही हृदयाचा धोका वाढतो, पण हे कुणी विचारेलच असं नाही. आपणहून सांगा. वीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण असलं तरी सांगा.

"आमच्या घरात कुणाला नाही"

स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुतेक बायकांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच झालेला नसतो. इराकमध्ये फलुजा इथे सेवा केलेल्या मरीन अधिकारी केट हेंड्रिक्स थॉमस यांना वयाच्या 38व्या वर्षी चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. लष्करी तळांवर उघड्यावर कचरा जाळायचे, त्या 'बर्न पिट'च्या धुराबद्दल त्या अखेरपर्यंत बोलत राहिल्या. 2022च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. जूनमध्ये त्यांच्या नावाच्या 'सर्व्हिस ॲक्ट' या कायद्यावर सही झाली. त्यानुसार ठरावीक ठिकाणी आणि काळात सेवा केलेल्यांना वय, लक्षणं किंवा घरातला इतिहास काहीही असो, माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत, म्हणजे व्हीएमध्ये, स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याची तपासणी आणि गरजेप्रमाणे मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, मिळतो. सर्वसाधारण सल्ला 40 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्रामचा आहे. पण तुम्ही धुरात राहिला असाल, तर चाळिशीची वाट पाहू नका. प्रत्येक व्हीए रुग्णालयात महिला माजी सैनिकांसाठी एक व्यवस्थापक असते, तिला गाठा. मी लढाईवर गेले नाही, मग मी कसली व्हेटरन, असं म्हणून कित्येकजणी नावच नोंदवत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

मॅमोग्राम चांगला आला की वर्षभर निर्धास्त राहणं हीही चूकच. गाठ, त्वचेला खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून रक्त दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. अहवालात स्तनाची घनता लिहिलेली असते. घन स्तनात गाठ लपू शकते, म्हणून आणखी कोणती तपासणी हवी का ते विचारा.

भीतीपोटी तपासणी टाळणं

सेवेत लैंगिक अत्याचार झालेल्या बाईला तपासणीच्या खोलीत कपडे उतरवणंच जड जातं. तंत्रज्ञ बाईच हवी, सोबत कुणीतरी हवं, मी म्हणेन तेव्हा थांबा, हे आधीच सांगून ठेवता येतं. अशा अत्याचारामुळे झालेल्या त्रासावर व्हीए मोफत उपचार देते, आणि त्यासाठी तेव्हा तक्रार केलेली असण्याची अट नाही.

कर्करोग बरा झाला, आता हृदयाचं काय पाहायचं?

डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरची औषधं हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतात, आणि डाव्या बाजूला दिलेल्या रेडिएशनचा परिणाम अनेक वर्षांनीही दिसू शकतो. उपचारांची नोंद हृदयाच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी कधी करायचा ते विचारून घ्या. जिना चढताना पूर्वी लागत नसलेला दम आता लागत असेल, तर तेही त्यांना सांगा.