९ नव्हते, २३ होते: मायग्रेशन टूलसाठी स्वतःचे रूल लिहिताना

मायग्रेशन टूल म्हणजे ॲप्लिकेशन्स जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेण्याआधी त्यांच्या फाइली चाळून काय बदलावं लागेल ते सांगणारं साधन; नेमकं काय शोधायचं ते त्याला रूल सांगतो. आमच्या टूलच्या रिपोर्टमध्ये ९ आलं होतं. क्लायंटचा जुना लॉगिन फिल्टर, म्हणजे ॲप उघडण्याआधी लॉगिन तपासणारा कोड, ४० ॲप्लिकेशन्सपैकी ९ मध्ये. गुरुवारच्या कॉलवर मी तो आकडा इतक्या ठामपणे वाचून दाखवला की क्लायंटच्या बाजूने कुणी चकार शब्द काढला नाही. त्याच्यावर दिवस ठरले, माणसं ठरली. दोन महिन्यांनी "यात काही नाही" म्हणून बाजूला ठेवलेल्या ३१ मधलं पहिलं ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरवर चढवलं आणि ते उभंच राहिना. लॉगमध्ये क्लास नॉट फाउंड, आणि पुढे नाव त्याच लॉगिन फिल्टरचं, जो शोधायला मी रूल लिहिला होता. मग एकेक फाइल उघडून हाताने मोजलं. ९ नव्हते, २३ होते.

गेल्या महिन्यात टीममध्ये आलेल्या एका मुलाने मला त्याचा पहिला रूल दाखवला. "चालतो का?" विचारलं. म्हणाला, "हो मॅडम, एका ॲपवर चालवून बघितला." माझ्या पोटात गोळा आला. मीही हेच म्हटलं होतं, जवळपास याच शब्दांत. म्हणून हे लिहायला बसले.

रूल म्हणजे काय, अट कुठे येते, मेसेज कुठे लिहायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. डॉक्युमेंटेशन वाचून ते अर्ध्या दिवसात कळतं. मी सांगतेय ते त्यानंतरचं.

आमचं प्रकरण तसं साधं होतं. क्लायंटने फार पूर्वी स्वतःचं फ्रेमवर्क बनवलं होतं. लॉगिन, सेशन, ऑडिट सगळं त्यात. त्याचा जार, म्हणजे जावा कोडची बांधलेली फाइल, ॲप्लिकेशनच्या आत नव्हता, जुन्या सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये पडलेला होता. जावा कोडमध्ये त्या फिल्टरचं नाव कुठेच नाही. उल्लेख एकच, वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंगच्या फाइलीतल्या फिल्टर-क्लास टॅगमध्ये. टूलसोबत येणाऱ्या तयार रूलना हे घरगुती फ्रेमवर्क कुठून माहीत असणार? कस्टम रूल लागतो तो अशाच ठिकाणी. तेव्हा आम्ही विंडअप वापरत होतो, म्हणजे रेड हॅटच्या मायग्रेशन टूलकिटचा मूळ ओपन सोर्स प्रकल्प. रूल एक्सएमएलमध्ये लिहायचे. आता तेच काम आम्ही कन्व्हेयर या दुसऱ्या टूलवर, यामल नावाच्या फॉरमॅटमध्ये करतो. टूल बदललं, पण खड्डा जिथल्या तिथे आहे.

तर मी एक्सपाथ (एक्सएमएलमधला टॅग शोधायची सूचना) लिहिला, नेमस्पेस दिला, हाताशी असलेल्या एका ॲपवर चालवला. सापडलं! मग सगळ्या ४० वर सोडला आणि चहाला गेले.

आता या नेमस्पेसबद्दल जरा सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा. वेब डॉट एक्सएमएलच्या पहिल्याच टॅगवर एक लांबलचक पत्ता असतो, तोच नेमस्पेस. तो आपण वाचत नाही, कारण ती ओळ कायम कुठूनतरी कॉपी होऊन आलेली असते. पण एक्सपाथच्या लेखी तो पत्ता म्हणजे आडनाव. फिल्टर-क्लास नावाचा टॅग गावात दहा घरांत असेल; आडनाव जुळलं तरच तो तुमचा. नाही जुळलं तर एक्सपाथ तक्रार करत नाही, वॉर्निंग देत नाही, पुढच्या घराकडे निघून जातो.

आणि हे आडनाव दर काही वर्षांनी बदललंय. सर्व्हलेट म्हणजे जावा वेब ॲपचं मानक; त्याच्या २.३ च्या काळात वर डीटीडी (टॅगचे नियम सांगणारी जुनी पद्धत) असायचा, नेमस्पेस नाहीच, म्हणजे बिनआडनावाचा माणूस. २.४ मध्ये जावा डॉट सन डॉट कॉमचा पत्ता आला, शेवटी जे२ईई. २.५ आणि ३.० मध्ये पत्ता सनचाच, पण शेवटी जावाईई. २०१३ साली जावा ईई ७ (मोठ्या जावा ॲप्सच्या मानकांचा संच) आलं, त्याबरोबर सर्व्हलेट ३.१, आणि पत्ता झाला जेसीपी डॉट ओआरजीचा. सर्व्हलेट ५.० पासून तो जाकार्ता डॉट ईईचा. सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलने घेतली, तरी तिचा पत्ता अजून हजारो फाइलींच्या कपाळावर आहे.

माझ्या रूलमध्ये जेसीपीचा पत्ता होता, कारण मी तपासायला घेतलेलं ॲप त्या काळातलं होतं. साहजिकच टूलने मला फक्त त्या पिढीतली ९ दाखवली. जी त्यातल्या त्यात नवी होती, ज्यांना सगळ्यात कमी त्रास होता, नेमकी तीच. जुनी १४, ज्यांच्यात खरा गाळ होता, ती "स्वच्छ" म्हणून सुटली. अर्धवट चालणारा रूल पूर्ण बंद पडलेल्या रूलपेक्षा वाईट. ० आलं असतं तर मला शंका तरी आली असती. ९ वर शंका कोण घेतं?

दुरुस्ती एका ओळीची होती. नेमस्पेस काढून टाकला आणि एक्सपाथमध्ये लोकल-नेम हे फंक्शन वापरलं, म्हणजे "आडनाव काहीही असो, नाव फिल्टर-क्लास असेल तो टॅग दे". यात एखादा नको तो टॅगही सापडू शकतो. सापडू दे. नको ते सापडलं तर रिपोर्टमध्ये दिसतं, कुणीतरी वैतागतं आणि तुम्ही रूल घट्ट करता. हवं ते निसटलं तर कुणालाच दिसत नाही, दोन महिन्यांनी ॲप पडेपर्यंत.

त्या वेळी टीममध्ये एक आर्किटेक्ट होते. ते मला ओरडले नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "नाही सापडलं म्हणजे नाहीये, हे तुला कुणी सांगितलं?" मला तेव्हा राग आला. घरी येईपर्यंत, कंपनीच्या बसमध्ये, मी मनात त्यांच्याशी भांडत होते. हिंजवडीचा ट्रॅफिक असल्यामुळे भांडायला वेळ भरपूर मिळाला. वाकडपर्यंत आले तेव्हा त्यांचं बरोबर आहे हे पटलं.

मेंटॉरबद्दल माझं मत या प्रसंगानंतर पक्कं झालंय. जो सिनिअर "थांब, मीच लिहून देतो" म्हणतो तो गोड वाटतो, पण त्याच्या हाताखाली तुम्ही वर्षभर रूल पेस्ट करत राहाल. असा एक प्रश्न विचारून चहाला निघून जाणारा बरा. तोंडावर चिडा, पण त्याच्याच टीममध्ये राहा.

रूल गप्प बसण्याची कारणं आणखीही आहेत. विंडअपमध्ये रूलच्या फाइलचं नाव डॉट विंडअप डॉट एक्सएमएलसारख्या ठरलेल्या शेवटाने संपायला लागतं. नुसतं डॉट एक्सएमएल ठेवलं तर टूल तिच्याकडे बघतही नाही. कन्व्हेयरमध्ये तुम्ही टार्गेट, म्हणजे कुठे जायचंय ते, दिलंत की त्याचं लेबल नसलेले रूल आधीच गाळले जातात. रूल सुंदर, लेबल विसरलं, निकाल शून्य. यामलमध्ये रेजेक्स (मजकूर शोधायचा पॅटर्न) दुहेरी अवतरणात लिहिला तर त्यातला बॅकस्लॅश घोळ करतो, एकेरी वापरा. ही कारणं मी भराभर सांगतेय, कारण यातलं कुठलंही असलं तरी रूल सुरुवातीलाच अडतो आणि तासाभरात पकडला जातो. लोकेशनचं, म्हणजे कोडमध्ये कुठे शोधायचं त्याचं, मात्र तसं नाही. जावाच्या रूलमध्ये लोकेशन इम्पोर्ट दिलं तर तो फक्त इम्पोर्टच्या ओळी बघतो. कुणी इम्पोर्ट न करता क्लासचं पूर्ण नाव थेट कोडमध्ये लिहिलं असेल, तर निसटलं. आणि क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये टाकून रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून, उचललं असेल, तर जावाच्या कुठल्याच लोकेशनला ते सापडणार नाही. तिथे फाइलमधला मजकूर शोधणारा वेगळा रूल लागतो. इथेही निकाल अर्धवट येतो, म्हणजे पुन्हा माझा ९ चाच आजार.

उलट्या बाजूचा, म्हणजे नको ते सापडण्याचा, खड्डा जावाएक्सचा; जावाच्या बऱ्याच पॅकेजांची नावं या शब्दाने सुरू होतात. त्यात नवी मुलं हमखास पडतात, आणि पडली तरी चालतं, कारण आवाज होतो. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण जावाएक्स हे नाव पुढच्या बदलांसाठी वापरण्यावर दोघांचं जमलं नाही. म्हणून डिसेंबर २०२० च्या जाकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावं जाकार्ता झाली. हे ऐकून मुलं पॅटर्न लिहितात: जावाएक्स डॉट काहीही, बदला. आणि रिपोर्टमध्ये डेस्कटॉपच्या खिडक्या-बटणांचं स्विंगसुद्धा येतं! जावाएक्समधली कितीतरी पॅकेजं जेडीकेची, म्हणजे मूळ जावाचीच आहेत, ती जागची हलणार नाहीत: जावाएक्स डॉट एसक्यूएल, क्रिप्टो, नेमिंग, स्विंग. खरी गंमत मिसळलेल्या ठिकाणी आहे. जावाएक्स डॉट ट्रान्झॅक्शन बदलतं, पण त्याच्या पोटातलं एक्सए जेडीकेत राहतं. एक्सएमएलमधलं बाइंड बदलतं, पार्सर्स राहतं. सिक्युरिटी डॉट ऑथ जेडीकेचं, पण त्याच्याच खालचं मेसेज जाकार्ताकडे गेलं. म्हणून पॅटर्नमध्ये पॅकेजं एकेक नावानिशी लिहा. कंटाळवाणं आहे, माहितीये. एक दुपार जाते, जाऊ द्या. आणि पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल ही डेटाबेसच्या सेटिंगची फाइल विसरू नका. तिथे जावाएक्स डॉट पर्सिस्टन्सने सुरू होणाऱ्या प्रॉपर्टीज नुसत्या स्ट्रिंग आहेत, जावाच्या रूलला त्या दिसत नाहीत.

एफर्टच्या आकड्याबद्दल, म्हणजे रूलमध्ये भरायच्या कामाच्या अंदाजाबद्दल, एकच सांगते. तो प्रत्येक सापडलेल्या जागेमागे धरला जातो. विंडअपच्या मोजपट्टीत माहितीपुरतं असेल तर ०, किरकोळ १, गुंतागुंतीचं ३, तिथून ५, ७, आणि काहीच अंदाज नसेल तर १३. मी एका इम्पोर्टला ३ दिले. तो इम्पोर्ट ६०० फाइलींत होता. बेरीज १८००. प्रत्यक्षात काम होतं एका फाइंड-रिप्लेसचं. मॅनेजरचा रात्री साडेदहाला फोन आला, मी जेवत होते. तेव्हापासून एफर्ट भरताना "हे ६०० वेळा आलं तर?" असं स्वतःला विचारते.

शॉर्टकटबद्दल सगळे विचारतात. तयार रूल कॉपी करून बदलायचे का? हो, बिनधास्त, मी तसंच शिकले. टूलसोबतचे रूल वाचण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. फक्त आयडी बदला. चॅटबॉटकडून रूल लिहून घ्यायचा का? घ्या, सांगाडा चांगला मिळतो. पण त्याच चॅटबॉटकडून तपासायची फाइल घेऊ नका. त्याने दिलेली वेब डॉट एक्सएमएल सुबक, इंडेंट केलेली, एकाच पिढीची असते. क्लायंटची फाइल २००६ साली कुणीतरी संध्याकाळी घाईत लिहिलेली असते आणि तिच्यात तीन जणांनी तीन वेगळ्या एडिटरमधून हात घातलेला असतो. रूल जगतो तो त्या फाइलीत.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. पहिले पाच-सहा रूल असेच जातात. सातव्यापासून हात बसतो. कुठे काय निसटेल हे रूल लिहिण्याआधी डोळ्यासमोर यायला लागतं. माझे आजही पहिल्या फटक्यात नीट होत नाहीत, पण आता ते माझ्याच मशीनवर फुटतात, कॉलवर नाही.

ते असं: मी रूल सगळ्यात शेवटी लिहिते. आधी ज्या फाइलींत तो सापडायलाच हवा त्या गोळा करते, प्रत्येक पिढीची एक. मग ज्यांत सापडता कामा नये अशा दोन-तीन. मग टेस्टमध्ये लिहिते, किती सापडायला हवेत; "एक तरी" असं नाही, नेमका आकडा. कन्व्हेयरच्या कमांड लाइनमध्ये यासाठी टेस्टची सोय आहे, विंडअपमध्येही होती. मग रूल. गेल्या महिन्यातल्या त्या नव्या मुलाने त्याचा पहिला रूल माझ्यासमोर बसून असाच पुन्हा लिहिला, तर त्या रूलला पाचपैकी दोन फाइली दिसत नव्हत्या. चेहरा पडला त्याचा. अरे, बरं झालं म्हटलं, आज कळलं.

या नमुन्याच्या फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचं नाव आमच्याकडे कुणीतरी "उकिरडा" ठेवलं, ते तसंच राहिलं. क्लायंटची सगळी नावं बदलून त्या फाइली आम्ही तिथे टाकतो. सगळ्यात जुनी वेब डॉट एक्सएमएल डीटीडीवाली आहे. तिच्यात एका फिल्टरच्या वर, रोमन लिपीत, कुणा अनोळखी मराठी माणसाने कॉमेंट लिहून ठेवलीय: "हे काढू नको, रडेल." कोण रडेल, सर्व्हर की तो स्वतः, ते काही कळलं नाही. फाइल साफ करताना बाकी सगळं बदललं, ती ओळ मात्र ठेवलीय.