गोशुइन हवंय? आधी देवाला भेटा

जपानहून मी किमोनो आणला नाही, पंख्यासारख्या घड्यांची एक वही आणली. तिला म्हणतात गोशुइनचो. पानागणिक एकेका देवळाचा लाल शिक्का आणि वर कुंचल्यानं काळ्या शाईत लिहिलेलं नाव, तारीख. हेच गोशुइन. त्यातला ‘शु’ म्हणजे हिंगुळी लाल. क्योतोतल्या फुशिमी इनारीच्या कमानींचा रंग तोच. हिंगुळानं लाकूड टिकतं, हेही तो वापरण्यामागचं एक कारण.

वही मोठ्या देवळातच घ्या. साध्या वहीवर बहुतेक ठिकाणी लिहून देत नाहीत.

पहिल्या देवळात मी थेट गोशुइन देण्याच्या खिडकीपाशी गेले. आतल्या आजोबांनी हसून विचारलं, “दर्शन झालं?” कान लाल झाले माझे. मुळात गोशुइन म्हणजे हातानं लिहिलेलं बौद्ध धर्मसूत्र देवळाला वाहिल्याची पोच. दर्शनाआधी पोच कसली मागायची?

शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान असेल तर कमानीपाशी वाका आणि कडेनं चाला, मधली वाट देवाची. पाण्याच्या कुंडावर उजव्या हातात पळी धरून डावा हात धुवा, मग उलट. चूळ भरायची ती डाव्या ओंजळीतून. पळीला तोंड लावू नका. शेवटी पळी उभी धरा, म्हणजे उरलेल्या पाण्यानं दांडाही धुतला जातो. पेटीत नाणं टाका. ५ येनचं, भोकाचं, पिवळं नाणं लोक मुद्दाम जपून ठेवतात, कारण त्याचा उच्चार ‘गोएन’ आणि ऋणानुबंधालाही ‘गोएन’च म्हणतात. मग दोनदा वाका, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाका. इझुमो ताइशा या शिंतो देवस्थानात मात्र टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीतच, नुसते हात जोडा. उंबऱ्यावर पाय देऊ नका.

आता खिडकी. हवं ते पान उघडून वही द्या. बहुधा ३०० ते ५०० येन लागतात. सुटे ठेवा, १०,००० ची नोट काढून समोरच्याला पेचात टाकू नका. खिडकी चारच्या सुमारास बंद होते. लिहिताना गप्प राहा, फोटो विचारूनच. गर्दीच्या दिवशी आधीच लिहिलेला कागद हातात पडेल. हिरमुसू नका, घरी येऊन चिकटवा.

तारखेत ‘रेइवा ७’, म्हणजे सध्याच्या सम्राटाच्या कालगणनेतलं सातवं वर्ष, दिसलं तर सातात २०१८ मिळवा, म्हणजे २०२५. आणि पानांत ठेवलेला टिपकागद लगेच काढू नका. मी काढला. माझ्या वहीत एका देवाचं नाव समोरच्या पानावर उलटंही उमटलंय.