अकलोलीच्या कुंडावर मिक्सर चालेल का?

वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. त्यामुळे सोसायटीत गरम पाण्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. केंद्राचं भू-औष्णिक ऊर्जा, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेचं, धोरण सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, तेव्हा कट्ट्यावर प्रश्न आला: वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर ठाण्याचे दिवे लागतील का?

उत्तर स्वतःच काढा. भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडीला वळून तानसा नदीकाठी अकलोलीला जा. सोबत शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर, दहा लिटरची बादली आणि घड्याळ. रविवारी नको, कुंडात माणसंच इतकी असतात की मोजायला जागा मिळत नाही. पाणी जिथून उमळतं तिथलं तापमान घ्या. उथळ कडेला ते निवतं. मग बाहेर पडणारी धार बादलीत धरा.

समजा, पाणी ५० अंश आणि बादली २० सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. एक लिटर पाणी एक अंश निवलं की ४.२ किलोज्यूल उष्णता देतं. ते दहा अंशांनी निववलं तर ०.५ × ४.२ × १० = २१ किलोवॅट उष्णता. आता वीज. उष्णतेतला जास्तीत जास्त किती भाग वीज होऊ शकतो? दोन तापमानांतला फरक भागिले गरम बाजूचं तापमान, पण त्यात २७३ मिळवून. बाहेर ३० अंश धरले तर २० भागिले ३२३, जेमतेम सहा टक्के. ही कागदावरची कमाल मर्यादा; यंत्र त्याच्या निम्मं देईल. हाती साडेसहाशे वॅट, एक मिक्सर! त्यातूनच पंपही चालवायचा.

हेच गणित लडाखच्या पुगा खोऱ्याला लावा. तिथे झरे ८० अंशांच्या पुढे आणि हवा गोठवणारी. बाहेर शून्य धरलं तर तीच मर्यादा वीस टक्क्यांवर जाते. म्हणून २०२१ मध्ये ओएनजीसीने एक मेगावॅटच्या प्रकल्पाचा करार तिथे केला. देशाची क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज छापून येतो, तो वाचताना पाणी किती गरम आणि हवा किती गार, हे आधी विचारा.

आपला आकडा अर्थात वरच्या पाण्याचा आहे, खोल बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं. पण ते २१ किलोवॅट विसरू नका. घरातला गिझर दोन किलोवॅटचा, म्हणजे दहा गिझर रात्रंदिवस चालू. धोरणात विजेशिवाय उष्णतेच्या थेट वापरालाही जागा आहे: शेतमाल वाळवणं, हरितगृहं, इमारती गरम-गार ठेवणं. ठाणे जिल्ह्यासाठी मी आधी तोच भाग वाचला. पावसाळ्यात भात वाळवायला धडपडणाऱ्या शेतकऱ्याला मिक्सर काय कामाचा?