फ्लाइट सिमसाठी जॉयस्टिक-थ्रॉटल घ्यायचंय? आधी पुठ्ठा कापा

फ्लाइट सिमसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या गेमसाठी, पहिली जॉयस्टिक घेताना मी बटणं मोजून घेतली होती. हिला बारा, तिला सोळा, मग सोळावालीच भारी, एवढाच हिशोब. आता कोणी विचारलं की काय घेऊ, तर मी उलट दोनच प्रश्न विचारतो: कुठलं विमान उडवणार आणि हे सगळं ठेवणार कुठे? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

पायरी १: विमान ठरवा

फायटर (लढाऊ विमानं) उडवायची असतील, म्हणजे डीसीएस, आयएल-२, वॉर थंडर वगैरे गेम, तर उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लीव्हर) हा ठरलेला मामला. यालाच होटास म्हणतात, म्हणजे हात स्टिक आणि थ्रॉटलवरून न उचलता रडार, शस्त्रं, ट्रिम (विमान समतोल ठेवायची बारीक जुळवणी) सगळं बोटांनी चालवायचं. तुमचा सगळा वेळ मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेनमध्ये सेसना आणि बोइंगवर जाणार असेल तर स्टिकपेक्षा योक (गाडीच्या स्टीअरिंगसारखं हँडल) बरा, कारण खऱ्या कॉकपिटमध्ये तोच असतो. पण एअरबसला योक नाही, साइडस्टिक (सीटच्या बाजूला बसवलेली छोटी स्टिक) आहे, आणि कॅप्टन डाव्या सीटवर बसून ती डाव्या हाताने धरतो, त्यामुळे एअरबसवाल्यांनी दोन्ही हातांना चालणारी स्टिक बघावी. थ्रस्टमास्टर कंपनीची टी.१६०००एम तशी आहे, आणि त्यांचीच एअरबसच्या रूपातली टीसीए साइडस्टिकपण.

हेलिकॉप्टरचं वेगळंच आहे. तिथे स्टिक मधे ओढून आणणारी स्प्रिंग मदत करण्यापेक्षा त्रासच जास्त देते, म्हणून हेलिकॉप्टरवाले स्प्रिंग मऊ करतात किंवा काढूनच टाकतात. स्पेस गेमवाल्यांचं, एलिट डेंजरस किंवा स्टार सिटिझन, आणखी वेगळं, तिथे थ्रॉटलऐवजी डाव्या हातालाही स्टिकच घेणारे खूप आहेत, कारण यान मागे, बाजूला, वर, खाली सगळीकडे सरकवायचं असतं.

सगळंच थोडं थोडं उडवणार असाल तर स्टिक घ्या. स्टिकने सेसना उडवता येते, योकने डॉगफाइट करणं म्हणजे शिक्षा आहे.

पायरी २: पुठ्ठा

हे कोणी करत नाही आणि नंतर सगळे वैतागतात. आवडलेल्या मॉडेलच्या पानावर बेसची लांबी-रुंदी दिलेली असते, त्या मापाचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक स्टिकचा एक थ्रॉटलचा, आणि दोन दिवस टेबलावर तसेच ठेवा. कीबोर्ड कुठे जातोय, माऊस फिरवायला जागा उरतेय का, थ्रॉटलवर हात ठेवला की खांदा वर चढतोय का, हे तेव्हाच कळतं. कोपर साधारण काटकोनात राहिलं पाहिजे. टेबलावर ठेवलेली उंच स्टिक धरली की मनगट छातीच्या उंचीला येतं आणि तासाभरात हात भरून येतो, तसं होत असेल तर टेबलाच्या कडेला खाली क्लॅम्प होणारं माउंट लागेल, आणि ते बजेटमध्ये आधीच धरा. अजून एक, बेस हलका आणि स्प्रिंग कडक असेल तर जोरात स्टिक मागे ओढली की बेसच उचलला जातो. त्यावर नॉन-स्लिप मॅट पुरत नाही, स्क्रू किंवा क्लॅम्पच पाहिजे.

पायरी ३: सेन्सर आणि स्प्रिंग, इथे घाई करू नका

स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. आत एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा काटा, म्हणजे घासून घासून तो झिजणारच, वर धूळ बसते, मग एक दिवस स्टिक मधे सोडलेली असताना विमान आपोआप एका बाजूला कलायला लागतं. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो, सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो, काही घासत नाही त्यामुळे झिजत नाही. म्हणून जमत असेल तर हॉल किंवा तसा कॉन्टॅक्टलेस सेन्सरच घ्या. पण डब्यावर हॉल लिहिलं म्हणजे सगळे अ‍ॅक्सिस (हालचालीच्या दिशा) हॉल असं समजू नका, पुष्कळदा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडेच हॉल असतो आणि ट्विस्टला (स्टिक जागच्या जागी पिळण्याला) साधा पोटेन्शिओमीटर, आणि मग नेमकं ट्विस्टच आधी जातं.

सेन्सरइतकंच महत्त्वाचं म्हणजे गिंबल, स्टिक ज्याच्यावर हलते तो सांगाडा. स्टिक अगदी थोडी, केसभर हलवून बघा. मधे अडकून मग एकदम सुटते का? ते अडकणं तुम्हाला लँडिंगच्या वेळी आणि फॉर्मेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या जवळ राहून उडताना, छळणार. व्हीकेबी कंपनीच्या ग्लॅडिएटर स्टिकमध्ये स्प्रिंग बदलता येतात, ट्विस्ट नको असेल तर लॉक करता येतं, डाव्या हाताचं मॉडेलही मिळतं, म्हणून पहिल्या सिरियस स्टिकसाठी माझं मत तिलाच. थ्रस्टमास्टरची वॉर्टहॉग ही ए-१० या लढाऊ विमानाच्या स्टिकची नक्कल आहे, धातूची, जड, हातात घेतली की सोडवत नाही, पण तिला ट्विस्ट नाही. म्हणजे पायाने दाबायचे पेडल्स घ्यावेच लागतात, हे लोकांना ती घरी आल्यावर कळतं. आणि खऱ्यासारखं म्हणजेच चांगलं असंही काही नाही, खऱ्या एफ-१६ ची स्टिक जवळजवळ हलतच नाही, हाताचा दाब मोजते, घरी तशी घेतली तर बऱ्याच जणांना आवडणार नाही.

पायरी ४: रडर कशाने देणार

रडर म्हणजे शेपटीवरचा, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग. तो ट्विस्टने चालवायचा की पेडल्सने? सुरुवातीला ट्विस्ट पुरतं, जेट फायटरला तर रडर उडताना फारसा लागतही नाही. पण दुसऱ्या महायुद्धातली प्रॉपेलरची विमानं आणि हेलिकॉप्टर, इथे पाय हवेतच, कारण टेकऑफला विमान एका बाजूला ओढतं आणि मनगट पिळत स्टिकपण मागे धरायची म्हणजे दोन्ही बिघडतं. चाकांच्या खुर्चीवर बसत असाल तर पेडल दाबलं की खुर्ची मागे जाते, हे लक्षात ठेवा, चाकांना अडसर लावावा लागेल.

पायरी ५: थ्रॉटल

थ्रॉटलमध्ये मी लांबी आणि घर्षण बघतो. लीव्हरचा प्रवास जितका लांब तितकं बारीक कमी-जास्त करता येतं, हवेत इंधन भरताना तर हात सतत मिलिमीटर-मिलिमीटर पुढे-मागे होत असतो. लीव्हर किती घट्ट फिरावा हे ठरवणारा स्क्रू किंवा नॉब असला तर उत्तम. काही थ्रॉटल रुळावर सरळ सरकतात, काही कमानीत फिरतात. सरळ सरकणारे सुरुवातीला थोडे चिकटतात, ग्रीस बदलली की सुधारतात. दोन इंजिनांचं विमान, एफ/ए-१८ किंवा ए-१०, उडवणार असाल तर दोन वेगळे होणारे लीव्हर घ्या, एकेक इंजिन चालू करताना मजा येते आणि एक बंद पडलं तर उपयोगही होतो. एअरबसवाल्यांना मात्र लांबीपेक्षा लीव्हर अडकून थांबतो त्या खाचा महत्त्वाच्या, कारण टेकऑफनंतर लीव्हर क्लाइंबच्या (वर चढण्याच्या) खाचेत आणून ठेवला की बराच वेळ तिथेच असतो, पुढचं ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बघते.

पैसे कमी असतील तर? तर थ्रॉटल नंतर घ्या. लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रोसारख्या स्टिकला बेसवरच छोटा थ्रॉटल लीव्हर आणि ट्विस्ट दोन्ही असतात, म्हणजे रोल (डावी-उजवीकडे कलणं), पिच (नाक वर-खाली), रडर, थ्रॉटल हे चारही अ‍ॅक्सिस एका वस्तूत. तीन महिने तेवढ्यावर उडवा. त्यात मन रमलं नाही तर मोठा सेट माळ्यावर जाण्यापासून वाचला.

बटणांचं थोडक्यात: मोजू नका, अंगठ्याला पोचणारे हॅट, म्हणजे चारी दिशांना ढकलता येणारी छोटी बटणं, मोजा. एका हॅटला चार दिशा म्हणजे चार बटणं, शिवाय काही हॅट दाबताही येतात. हात लहान असेल तर मोठ्या ग्रिपचा वरचा हॅट अंगठ्याला गाठत नाही, तो असून नसल्यासारखा. आणि कन्सोलवर खेळत असाल तर डब्यावर त्याच कन्सोलचं नाव आहे का बघा, पीसीवर चालतं ते सगळं तिथे चालत नाही.

पायरी ६: जुनं घेताना आणि नवीन आल्यावर

जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याला एकच मागा, विंडोजच्या गेम कंट्रोलर टेस्टचा व्हिडिओ, त्यात स्टिक अगदी हळू गोल फिरवलेली, ट्विस्ट दोन्हीकडे, आणि शेवटी हात सोडून पाच सेकंद. स्क्रीनवरचं अधिकचं चिन्ह थरथरलं किंवा मधे परत आलं नाही तर नको. नवीन आलेल्याचंही पहिल्याच दिवशी हेच करा, बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत.

मग सिममध्ये बाइंडिंग, म्हणजे कुठलं बटण किंवा अ‍ॅक्सिस काय करणार ते जोडणं. नवीन डिव्हाइस लावलं की काही सिम आपल्या मनानेच त्याला अ‍ॅक्सिस जोडून टाकतात. मी पेडल्स पहिल्यांदा लावले त्या संध्याकाळी विमान धावपट्टीवर उभंच. थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिन ओरडतंय, जागचं हलेना. अर्धा तास मी पार्किंग ब्रेक बघतोय, चॉक्स (चाकांचे अडसर) बघतोय, हायड्रॉलिक बघतोय. टो ब्रेकचा (पेडलचं वरचं टोक दाबून लागणाऱ्या ब्रेकचा) अ‍ॅक्सिस उलटा होता, म्हणजे पाय न लावता ब्रेक पूर्ण दाबलेला आणि दाबला की सुटायचा. त्यात इन्व्हर्टवर टिक केली आणि निघालं, तर हवेत गेल्यावर डावा पाय दाबला की विमान रोल व्हायला लागलं, कारण तोच पेडल रोललाही जोडलेला होता. तेव्हापासून काहीही नवीन लावलं की मी आधी त्या डिव्हाइसचं सगळं बाइंडिंग साफ करतो आणि हव्या त्याच गोष्टी एकेक करून जोडतो.

हॉल सेन्सर असेल तर डेडझोन (मधली, स्टिक हलली तरी सिम दुर्लक्ष करतं ती जागा) शून्यापासून सुरू करा, मधे थरथर दिसली तरच एकेक टक्का वाढवा. पिच आणि रोलला १५-२० चा कर्व्ह (सिममधली, हालचाल किती तीव्र लागू होते ते ठरवणारी सेटिंग) दिला की मधली हालचाल सौम्य होते, थ्रॉटलला कर्व्ह देऊ नका. आणि कोणतं यूएसबी कुठल्या पोर्टला हे ठरवून चिकटपट्टीवर लिहून ठेवा, पोर्ट बदलला की कधीकधी सिम त्याला नवीनच डिव्हाइस समजतं आणि मग परत पहिल्यापासून सगळं.